भिंतीकडे तोंड करून

सात महिने मी सरांकडे इंग्रजी बोलायला शिकत होते, आणि आज कोणी विचारलं की ते दिसायला कसे होते, तर मी त्यांच्या मानेचंच वर्णन करू शकेन. मान बारीक होती, काळी होती, उजव्या कानाखाली गळवाचा जुना व्रण होता. चेहरा समोरून, निवांत असा मी एकदाच पाहिला. तोही पाहिला नसता तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळ दिवस वाटायचं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. साकोलीत हायवेला लागून रोज एक नवं दुकान उघडत होतं आणि संध्याकाळी लोडशेडिंग झालं की सगळी एकदम काळी पडायची. मी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. नवरा गेलेला, पोरगी आठवीत. डॉक्टरांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं असतं तर विचारायला कोणी नव्हतं. म्हणून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कायमच्या नोकरीसाठी मी दोनदा मुलाखत दिली, आणि दोन्ही वेळा मुकी झाले.

मी तशी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरांशी भांडते, पेशंटच्या नातेवाइकांना हाकलते, कंडक्टरला गप्प करते. पण तिथली मेट्रन केरळकडची होती. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरी कडक साडी. तिनं इंग्रजीत विचारलं, जन्मलेलं बाळ रडलं नाही तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल? अहो, माझ्या हातावर तोवर सत्तर-ऐंशी पोरं जन्मली असतील! झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी तिच्या चष्म्याकडे. लोक म्हणतात, हिंदीत सांगायचं होतंस. हिंदी येत होती हो. पण त्या वेळी इंग्रजी तर सुचली नाहीच, वर हिंदी-मराठीही पळून गेल्या. मार्चमध्ये तिसरी मुलाखत होती आणि वयाच्या हिशेबानं ती शेवटची होती.

सरांची पाटी बाजारामागच्या एका बंद धानगिरणीवर होती. "इंग्रजी बोलणे. फक्त मोठ्यांसाठी. मुलांनी येऊ नये." मला ते वाचूनच बरं वाटलं. आत गेले तर मागच्या खोलीत कोंड्याचा वास, पाच स्टुलं, आणि पाचही स्टुलांची तोंडं भिंतीकडे. एका स्टुलावर पाठमोरा म्हातारा बसलेला. वळला नाही. भिंतीलाच म्हणाला, "या जी. कोणाचं तोंड पाहू नका. ते डाव्या हाताची भिंत तुमची."

मला वाटलं, बाप्पा, हा माणूस खसकलेला आहे. पण पाच मिनिटांत माझ्या तोंडून इंग्रजी वाक्य निघालं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "लहान पोराले इज्जत नसते, म्हणून ते बोलते. चुकलं तं चुकलं. मोठ्या माणसाले इज्जत असते, आन् ते नेमकी जिभेवर येऊन बसते. समोरचं तोंड पाह्यलं का जीभ मेली." म्हणून वर्गात कोणी कोणाकडे पाहायचं नाही. येतानाही मान खाली, जातानाही. सर स्वतः मागच्या लांब भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या भिंतीशी त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. बाकीच्या तीन भिंती आमच्या.

पुस्तक नव्हतं, व्याकरण नव्हतं. पहिल्या दिवशी ते एकच विचारायचे. "तुमचं अडलेलं वाक्य कोणतं?" म्हणजे असं वाक्य, जे वेळेवर बोलता आलं नाही आणि नुकसान झालं. प्रत्येकाकडे एक असतंच, असं ते म्हणायचे. ते इंग्रजीत करून द्यायचे, आणि रोज अर्धा तास सगळ्यांनी आपापलं वाक्य आपापल्या भिंतीला मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांनी एकदम.

आम्ही चौघं होतो. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी, पन्नाशीला आलेले. सरकारनं पहिलीपासून इंग्रजी लावली आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोर, वर्गातल्या पोरांसमोर, त्यांची दातखीळ बसली होती. "सर, माय चिल्ड्रन अंडरस्टँड मी," हे त्यांचं वाक्य. दुसरा नागझिऱ्याच्या जंगलातला गाइड. जिप्सीत एक परदेशी बाई उभी राहिली, समोर अस्वल, आणि ह्याला "खाली बसा" म्हणता येईना. तो "मॅडम, प्लीज सिट डाउन" असं इतक्या कळवळून म्हणायचा की मीच स्टुलावर सावरून बसायची. तिसरे किराणा दुकानदार. त्यांची पुण्याची सून त्यांच्यासमोर फोनवर इंग्रजीत बोलायची. त्यांचं वाक्य होतं, "व्हॉट आर यू सेइंग अबाउट मी?" आणि माझं, "आय विल ड्राय द बेबी. फर्स्ट माउथ, देन नोज." बाळ पुसायचं, मग आधी तोंड साफ करायचं, मग नाक.

हसू येतं ना? आम्हालाही यायचं. चार माणसं तीन भिंतींना ओरडताहेत, एक विचारतोय माझ्याबद्दल काय बोलतेस, दुसरी म्हणते आधी तोंड मग नाक. सरांना हसलेलं चालत नसे. ते जमिनीवर काठी तीनदा आपटायचे आणि सगळे गप्प व्हायचे.

सगळे नाही. एक आवाज नेहमी थोडा उशिरा थांबायचा.

मला ते कळायला दोन महिने लागले. काठी आपटली की आमची वाक्यं जिथल्या तिथं तुटायची आणि त्या शांततेत कोणीतरी आपलं वाक्य पूर्ण करायचा. "...आय वॉज सीइंग ड्रामा." तरुण आवाज, जरासा हसरा. मला वाटायचं गाइड असेल, तोच आमच्यात लहान. एकदा काठीच्या आधीच मी कान देऊन ऐकलं. पूर्ण वाक्य होतं, "सर, दॅट नाइट आय वॉज सीइंग ड्रामा." साहेब, त्या रात्री मी नाटक पाहत होतो.

बसस्टॉपच्या वाटेवर मी गाइडला गाठलं. "काय रे, तू दोन वाक्यं म्हणतोस का? ते ड्रामाचं कोणाचं आहे?"

तो चालता चालता थांबला. "ताई, मले वाटलं गुरुजीचं आहे."

"गुरुजी कशाला नाटक पाहतील?"

"मंग दुकानदाराचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनाही विचारलं. दुकानदार म्हणाले, आम्ही तर सिस्टरचं समजत होतो. गुरुजी नुसता घाम पुसत राहिले.

गाइड मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, जंगलात आवाज कुठून आला ते मले बरोबर समजते. त्याचीच रोटी खातो मी. तो आवाज सरायच्या समोरून येते."

"समोर तर भिंत आहे."

"हाव," तो म्हणाला. "म्हणूनच मी तुमाले सांगून नव्हतो राहिलो."

मी म्हटलं, वेडा आहेस. सर स्वतःच आवाज बदलून म्हणत असतील, म्हाताऱ्या माणसाला अशा खोड्या सुचतात. आठवडाभरानं सरांचा घसा बसला. इतका की कुजबुजही निघेना. त्यांनी पाटीवर खडूनं "आपापलं वाक्य" असं लिहून आम्ही आत येताना पाटी पाठीमागे धरली. आम्ही सुरू केलं. दिवे गेले. काठी तीनदा आपटली. आणि अंधारात, सरांच्या समोरून, स्वच्छ आवाजात वाक्य पूर्ण झालं. मी पाण्याची बाटली घट्ट धरून बसले. शेजारच्या भिंतीकडून गुरुजींचा भीमस्मरणाचा पुटपुटाट ऐकू येत होता.

गुरुजी त्यानंतर आले नाहीत. "माह्याच्यानं आता येणं होत नाही, सिस्टर," एवढंच म्हणाले. दुकानदार आठ दिवसांनी सुटले. गाइडचा जंगलातला सीझन सुरू झाला, त्याला बहाणा मिळाला. उरले मी. लोकांना वाटलं, बाई मोठी धीट. धीट कसली! मी मेलेली माणसं धुतली आहेत, गुंडाळली आहेत, मेलेल्याला मी भीत नव्हते. मेट्रनला भीत होते. तिच्यापेक्षा भिंतीतला आवाज मला परवडत होता.

मग मार्च आला. मुलाखतीला दोन दिवस उरले. दवाखान्यातून सुटून मी साडेपाचला गेले. उन्हं अजून दारात होती. भिंतीला मी माझं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं आणि सर म्हणाले, "झालं. आता तुमी तयार आहा."

माझं डोकंच फिरलं. "कसली तयार सर? भिंतीला चष्मा आहे का? परवा माझ्यासमोर जिवंत बाई बसणार आहे. एकदा माझ्याकडे तोंड करा. मेट्रन व्हा आणि मला विचारा."

"मले नाही जमत, सिस्टर."

"सात महिने तुमचं ऐकलं ना मी? माझ्या पोरीच्या पोटावर पाय येईल, सर. वळा."

मोठा माणूस, त्यांच्याशी असं बोलायला नको होतं. पण ते वळले. स्टूल खरखरत फिरवलं आणि माझ्यासमोर बसले. चेहरा अगदी साधा होता, पोस्टात किंवा बँकेत रांगेत दिसतो तसा. डोळे मात्र सारखे मिचकत होते, अंधारातून बाहेर आल्यासारखे. त्यांनी मला बाळाचं विचारलं. मी त्यांच्याकडे पाहत अडखळत, दोनदा चुकत उत्तर दिलं. आलं! माणसाच्या तोंडाकडे पाहून आलं! मला इतका आनंद झाला की त्याच भरात मी विचारलं, "आता तुमचं, सर. तुमचं अडलेलं वाक्य कोणतं? आम्हाला सगळ्यांना विचारलंत, तुमचं कधी सांगितलं नाही."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. कपाळावर घाम फुटला. मग ओठ मिटले, मी मिटलेले पाहिले, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीतून तो तरुण आवाज म्हणाला, "सर, दॅट नाइट आय वॉज सीइंग ड्रामा."

 भीतीनं मी ओरडलेच, "इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत सांगा ना सर! पण सांगा काहीतरी!"

सर म्हणाले, "साहेबानंही हेच म्हटलं होतं."

आणि मग ते बोलले. मराठीत, माझ्या डोळ्यांत पाहून, एकदाही न थांबता.

ते एका कारखान्यात हजेरी ठेवणारे कारकून होते, तरुणपणी. त्यांचा एक दोस्त तिथंच कामगार होता. दोघांना नाटकाचं वेड. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची, म्हणजे जत्रेतली, नाटकं सुरू झाली की ह्यांचे पाय घरात ठरत नसत. एका रात्री सरांची ड्यूटी होती. त्यांनी हजेरीपटावर सही केली, गेटमागून सायकल काढली, दोस्ताला डबलसीट घेतलं आणि लाखांदूरकडच्या एका गावात पहाटेपर्यंत नाटक पाहिलं. त्याच रात्री कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. आळ दोस्तावर आला.

"चौकशीले मद्राशी साहेब होता," सर म्हणाले. "मले इंग्रजीत विचारलं, हा माणूस त्या रात्री कुठं होता, तुमाले माहीत आहे का? मी म्हटलं, साहेब, मले इंग्रजी बोलता येत नाही. साहेब म्हणे, मराठीत सांग, हेडक्लार्क मले समजावून देईल. हेडक्लार्क बाजूलेच उभा होता. सिस्टर, मले इंग्रजी येत होती. मॅट्रिकले शाळेत पहिला होतो मी इंग्रजीत. पण सांगतलं असतं तं माझी सही खोटी निघाली असती. मी म्हटलं, मले काही माहीत नाही."

दोस्ताला काढून टाकलं. त्यानं सरांचं नाव घेतलं नाही. तो ह्या धानगिरणीत पोती उचलायला लागला. आणि एक दिवस सरांकडे आला. म्हणाला, साहेबाला मी स्वतःच भेटतो, त्याच्या भाषेत सांगितलं तर तो ऐकेल, मला इंग्रजी शिकव. तिशीचा माणूस, पाटीला हात न लावलेला.

"मी शिकवलं त्याले हे वाक्य. इथंच. कामावरच्या लोकायसमोर त्याले लाज वाटे, म्हणून भिंतीकडे तोंड करून घोकत जाय. भिंतीची पद्धत माझी नोहे, सिस्टर. त्याची आहे."

"मग तो साहेबाला भेटला?"

"भेटला. वाक्य बरोबर म्हटलं त्यानं. साहेबानं विचारलं, कोणासंगं? कोणी पाह्यलं तुले? त्याले ते समजलं नाही. तो तेच वाक्य पुन्हा म्हणे. सारे हासले. त्या पावसाळ्यात तापानं गेला तो. तापातही हेच म्हणे."

 सर अजून माझ्याकडेच पाहत होते. त्यांचं संपलं नव्हतं.

"शिकताना त्यानं मले विचारलं होतं, सिस्टर. म्हणे, गड्या, आन् तू संगं होता ते कसं म्हणाचं? मी म्हटलं, ते म्हणा लागत नाही. इंग्रजीत तेवढं म्हटलं का पुरते."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. शिकायला आलेला माणूस आंधळा असतो हो, तुम्ही द्याल ते तो खरं मानतो, मीही सात महिने तशीच बसले होते. रागानं माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आता शिकवा की उरलेलं! तो आहे ना इथंच!"

मी टोचायला म्हटलं होतं.  सरांनी स्टूल उचललं, पुन्हा भिंतीकडे वळवलं, अगदी भिंतीजवळ नेलं. मी पर्स घेऊन बाहेर पडले.

परवाची मुलाखत. तोच चष्मा, तोच प्रश्न. आणि काय सांगू, जीभ पुन्हा मेली. पण मला तो कारखान्यातला साहेब आठवला, बाजूला उभा असलेला हेडक्लार्क आठवला. मी म्हटलं, "मॅडम, पहले मैं मराठी में बोलती हूँ." मेट्रनशेजारी एक मराठी डॉक्टर बसल्या होत्या. त्यांना मी मराठीत सगळं सांगितलं, हातवारे करून, बाळ टेबलावर असल्यासारखं. बोलता बोलता इंग्रजी आपोआप आली. फर्स्ट माउथ, देन नोज. मेट्रन म्हणाली, "गुड."

नोकरी लागली. पंधरा दिवसांनी साकोलीतलं सामान हलवायला आले तेव्हा पावशेर पेढे घेऊन गिरणीकडे गेले. राग ओसरला होता. ते नसते तर मी तिथवर पोचले नसते, हे मला कळत होतं, आणि मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पाटी काढलेली होती. बाजारातल्या चहावाल्यानं सांगितलं, म्हातारा आता कोणाला शिकवत नाही, दिवसभर एकटाच भिंतीशी बडबडतो.

दार अर्धवट लोटलेलं होतं. दिवे नुकतेच गेले होते, पण आत थोडा उजेड होता. चार स्टुलं कोपऱ्यात रचून ठेवलेली, आणि सर भिंतीला गुडघे टेकतील इतके जवळ बसलेले. ते इंग्रजीत एक एक शब्द सोडून, सावकाश म्हणत होते, सर, दॅट नाइट आय वॉज सीइंग ड्रामा, विथ माय फ्रेंड. आणि पुढे स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मग थांबायचे आणि कान भिंतीकडे करायचे.

"सर, दॅट नाइट आय वॉज सीइंग ड्रामा," आवाज म्हणाला, आणि थांबला.

"पुढं," सर म्हणाले. "विथ माय फ्रेंड." पुन्हा नाव, बापाचं नाव, आडनाव. "म्हण, बाबा. पुरं म्हण."

"सर, दॅट नाइट आय वॉज सीइंग ड्रामा."

सरांचे खांदे हलत होते. "अजून आहे रे. पुढं माझं नाव आहे. ते घे."

 मग तो आवाज पहिल्यांदाच मराठीत बोलला. हसरा, जवळचा, दोस्ताशी बोलतो तसा.

"ते कायले गा? इंग्रजीत तेवढं म्हटलं का पुरते."

मी पेढे उंबऱ्यावर ठेवले आणि बसस्टॉपपर्यंत पळत गेले. त्या आवाजात टोमणा असता, राग असता, तर मला एवढी भीती वाटली नसती. त्याला सरांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अजूनही सरांवर विश्वास होता.